रताळं पाठवायची वस्तू नाही

परवा माझ्या भाचीचा फोन आला. रताळ्याचे काप तळले की तासाभरात मऊ का पडतात, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, तू ते डब्यात भरतेस म्हणून. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. हे उत्तर माझं नाही, चंद्रभागाबाईंचं आहे, आणि रताळ्यांबद्दल त्या कधी थट्टा करत नसत.

मी माणसांच्या आठवणी काढत बसणारी बाई नाही. घरं बदलली, शेजार बदलले, निम्म्या लोकांची नावं आता सांगता यायची नाहीत. पण कढईत तेल तापत ठेवलं की मी आपोआप बोलायची थांबते. ती सवय ज्यांनी लावली त्या बाई मात्र जशाच्या तशा डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याइतकं ताठ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि तो ताठपणा त्यांनी आयुष्यभर रताळं तळण्यात ठेवला, दुसरीकडे कुठे नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी वर्ध्याहून नागपूरला आले. माझे यजमान सरकारी हिशेब खात्यात होते, मलाही पुढे पाटबंधाऱ्यात टायपिस्टची नोकरी लागली. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढे ओटा, मधे अंगण, अंगणात सगळ्यांचा एक नळ, आणि पलीकडे तशाच घरांची दुसरी रांग. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई नागपूरच्याच, जुन्या महाल वस्तीतल्या. सोवळं-ओवळं कडक, हात सुगरणीचा आणि जीभ त्याहून कडक.

समोरच्या रांगेतलं शेवटचं घर चंद्रभागाबाईंचं. त्यांचे यजमान दौलतराव सरकारी छापखान्यात बाइंडर होते. मुलगी लता शाळेत. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली होती. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली लताची पुस्तकं, आणि तिसरं काही नाही. बाई उंच, हाडापेराने मोठ्या, हिरवं नऊवारी, कपाळ मोकळं. बोलणं मोजकं. हसल्या तरी आवाज व्हायचा नाही, फक्त खांदे हलायचे.

उपवास त्यांनी दीक्षेबरोबरच सोडले होते. त्यामुळे गंमत अशी, की अख्ख्या कॉलनीत रताळं हे एकादशी-शिवरात्रीचं खाणं आणि त्यांच्या घरी मात्र ते कुठल्याही मंगळवारी दुपारी. माझ्या सासूबाईंना याचा राग होता की अचंबा, मला शेवटपर्यंत कळलं नाही. 'उपास नाही अन् रताळी काहून खातात,' असं त्या म्हणायच्या. चंद्रभागाबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रताळ्याले कुठं माहीत हाये आज कोनता वार हाये ते."

त्यांचा भाऊ मौद्याला. कन्हानच्या काठाला वाळूच्या जमिनीत तो रताळी लावायचा. थंडी पडली की एस.टी.च्या टपावरून एक पोतं यायचं. लाल सालीची, सरळ, मुठीत मावतील अशी. काळ्या जमिनीतलं रताळं वाकडं होतं आणि त्याला दोरे सुटतात, ते त्या हातात धरायच्या नाहीत. पोतं आलं की त्याच दिवशी तळण नाही. रताळी खाटेखाली पसरून ठेवायची आणि विसरून जायचं. "आत्ताच खोदून आनलं, थकलेलं हाये ते. झोपू दे त्याले," असं म्हणायच्या. झोपलेलं रताळं गोड होतं, हे मी पुढे स्वतः करून पाहिलं. खरं आहे. फार झोपलं तर मात्र कढईत लवकर काळं पडतं, हेही खरं.

एका वर्षी लताच्या मैत्रिणींनी हट्ट केला म्हणून त्यांनी आल्या दिवशीच तळली. काप फिके आणि लेचेपेचे निघाले. पोरींना त्यांनी शेंगदाणे देऊन वाटेला लावलं, आणि ती परातभर रताळी दोन दिवस एकट्याने भाकरीशी खाल्ली. दौलतरावांनाही दिली नाहीत. माझ्या चुकीचं मीच खाईन, असा त्यांचा हिशेब.

तळायच्या त्यांच्या तऱ्हा तीन-चारच. पण प्रत्येकीची शिस्त वेगळी. काप करायचे तर तिरके कापून चुन्याच्या निवळीत घालायचे, धुऊन पुसून लुगड्याच्या फडक्यावर हिवाळ्याच्या उन्हात ठेवायचे. कडा वळायला लागल्या की मगच कढई. एकदा मंद तळून बाहेर, पूर्ण निवू द्यायचे, मग कडक तापल्या तेलात पुन्हा. मीठ-तिखट खलबत्त्यात कुटलेलं, आणि ते काप बाहेर आल्यावर वरून हाताने.

घाऱ्या करायच्या तर रताळं पाण्यात उकडायचं नाही. विस्तवाच्या राखेत भाजायचं. पाण्यातलं रताळं पाणी पितं आणि मग तेलही पितं, हे त्यांचं म्हणणं. भाजून, सोलून, गुळात कुस्करून, मावेल तेवढीच कणीक घालून पळसाच्या पानावर थापायच्या. तिसरी तऱ्हा सालासकट लांब फोडींची. जवसाच्या तेलात, तिळाचं मीठ लावून, ज्वारीच्या भाकरीबरोबर. जवसाचं तेल त्या आधी धूर निघेपर्यंत तापवून, निववून ठेवायच्या, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. आणि चौथी, तळलेल्या फोडी गुळाच्या पाकात घोळवलेल्या. ती लताच्या वाढदिवसाची.

हे सगळं मी हळूहळू पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं ते वेगळं. नवी नवी होते, दुपारी नळावर पाणी भरताना वास आला आणि मी सरळ जाऊन दारात उभी राहिले. बाई शेगडीपुढे बसल्या होत्या. मी तोंड उघडलं तशी त्यांनी एक बोट वर केलं. गप्प राहा, असं. मी गप्प राहिले. कढईत काप होते, तेलाचा चरचर आवाज चालला होता. बाई कढईकडे बघतही नव्हत्या. मान कलती करून भिंतीकडे बघत होत्या. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि मला तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला तेव्हा त्यांचा झारा खाली गेला. काप वर आले ते सगळे एका रंगाचे.

"पानी जाते तवा वरडते रताळं," त्या म्हणाल्या. "वरडनं थांबलं का काढाचं. कोन हायेस वं तू?"

मी सांगितलं. त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि आमच्या घराकडे एकदा बघितलं. मग पाट सरकवला. "बस मंग."

मी बसले आणि खाल्लं. असं रताळं मी तोवर खाल्लं नव्हतं आणि त्यानंतरही स्वतःच्या हातचं कधी खाल्लेलं नाही. निघताना मी अगदी सहज म्हटलं, दोन काप यांच्यासाठी नेऊ का. त्यांनी मान हलवली. "रताळं पाठवाची वस्तू नाई. कढईपासून तोंडापर्यंत, बस. ज्याले खायचं त्यानं इथं यावं. तुह्या नवऱ्याले पाय हायेत ना?"

मला वाटलं, बरोबरच आहे, मऊ पडतील. नवरा दुसऱ्या दिवशी गेला, ओशाळत बसला, खाऊन आला. त्याच्यानंतर तो माझ्याशिवायही जायला लागला.

हा नियम त्यांनी कुणासाठी मोडल्याचं मला माहीत नाही. दौलतरावांच्या छापखान्यातले मोठे साहेब सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात राहायचे. त्यांच्या बाईंनी कुणाकडून तरी घाऱ्यांची कीर्ती ऐकली. पाहुणे येणार होते, म्हणून शिपायाबरोबर एक मोठा पितळी डबा पाठवून दिला, भरून द्या म्हणून. दौलतराव घाबरट माणूस. त्यांनी आल्याबरोबर गूळ आणायला पिशवी घेतली. बाईंनी तो डबा घासला, पुसला, आणि रिकामाच शिपायाच्या हातात परत दिला.

"बाईले म्हना, पाट टाकून ठेवला हाये," त्या म्हणाल्या. "पाहुन्यांले पन घेऊन या म्हना."

दौलतराव त्या दिवशी जेवले नाहीत. आता आपली बदली होते, असं त्यांनी आमच्या यजमानांना तीनदा येऊन सांगितलं. दोन दिवसांनी खरोखरच अंगणात मोटार येऊन थांबली. साहेबांच्या बाई उतरल्या, चांगल्याच तापलेल्या होत्या. असा काय तमाशा आहे ते बघायला आले, असं काहीसं त्या म्हणाल्या. चंद्रभागाबाईंनी बोट वर केलं. तेल तापलेलं होतं. साहेबांच्या बाई अर्ध्या वाक्यात थांबल्या. मग पाटावर बसल्या. मग घाऱ्या खाल्ल्या. किती ते मी मोजलं नाही, पण पळसाची पानं संपली. पुढच्या हिवाळ्यात मोटार आपणहून आली. बदलीबिदली काही झाली नाही.

मोटार पहिल्यांदा आली त्या दिवशी मी हसत हसत लताला म्हटलं, तुझ्या आईला कुरकुरीतपणाचं भारीच वेड आहे. लता अबोल मुलगी होती, आईसारखी. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला खरंच कुरकुरीतपणाचं वाटते का?"

मग तिने सांगितलं. ते लोक क्वार्टरमध्ये राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात, माझ्या लग्नाच्या आधी, बाईंनी घाऱ्या करून दोन्ही रांगांतल्या घरोघरी ताटल्या पाठवल्या होत्या. नवीन शेजार म्हणून. वर रुमाल टाकून, लताच्याच हातून. संध्याकाळी बाई नळावर पाणी भरायला गेल्या, तर आमच्या ओट्याखाली गाय उभी होती आणि तिच्यापुढे घाऱ्या होत्या. ताटली दुसऱ्या दिवशी परत आली. रिकामी ताटली परत करू नये म्हणून सासूबाईंनी तिच्यात चिमूटभर साखर घालून दिली होती. बाकीच्या घरांतल्या घाऱ्या कुठे गेल्या ते लताला ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी विचारलं नाही.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, गाईले आवडल्या. एवढंच."

त्यानंतर त्या घरातून कुठल्याही घरी एक कण गेला नाही. संक्रांतीला नाही, मुलगी पास झाली तेव्हाही नाही. आणि ज्याला यायचं त्याला दार कधी बंद नव्हतं.

मी घरी आले. सासूबाईंना काही विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? मी चंद्रभागाबाईंकडे जाते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी जाऊ नको म्हटलं नाही. मी परत आले की एवढंच म्हणायच्या, अंगाला तेलाचा वास येतोय, लुगडं बदल आणि मग चुलीपाशी ये. मी बदलत असे. वास खरोखरच यायचा.

पण या दोन बायकांमध्ये आणखी एक प्रकार चालायचा, आणि तो मला फार उशिरा उमगला. सासूबाई दुपारी ओट्यावर गहू निवडत बसायच्या. समोरून तळणाचा वास आला की त्यांचा हात थांबायचा. नाक जरा वर व्हायचं. "आज तेल जास्त तापलंय तिचं," त्या गव्हांना सांगायच्या. किंवा, "आज रताळं जुनं आहे." संध्याकाळी मी पलीकडे गेले की चंद्रभागाबाई कढई घासता घासता विचारायच्या, "आज काय म्हनली तुही सासू?" मी सांगायची. त्या विचार करायच्या. कधी म्हणायच्या, "तिले काय समजते." कधी हात थांबवून म्हणायच्या, "खरं हाये. तेल तापलं होतं आज. नाक चांगलं हाये बाईचं." ते मी घरी आपणहून सांगत नसे. पण सासूबाई विचारायच्याच, काय म्हणाली ती म्हणून, आणि मी सांगितलं की पुन्हा गव्हात मान घालायच्या. वर्षानुवर्षं त्या दोघी अंगणाच्या दोन टोकांना बसून एकमेकींशी बोलत होत्या, आणि मधला निरोप्या मी होते. समोरासमोर त्या एकमेकींना 'पाणी आलं का' याच्यापलीकडे एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

मग एका हिवाळ्यात सासूबाईंना टायफॉइड झाला. ताप बरेच दिवस राहिला. उतरला तेव्हा बाई अर्ध्या झाल्या होत्या, आणि तोंडाची चव गेली ती परत येईना. पेज, भात, मुगाचं कढण, सगळं त्या हाताने बाजूला सारायच्या. जी बाई दुसऱ्याच्या फोडणीतली चूक अंगणापलीकडून सांगायची, तिला माझ्या वरणात मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आतडी आता ठीक आहेत, जे मागतील ते थोडं थोडं द्या, खाल्लं नाही तर मात्र कठीण आहे. त्या काही मागत नव्हत्या. माझी रजा संपत आली होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की आता हे माणूस काही उठत नाही.

माघातली दुपार होती. मी उशाशी बसले होते. खिडकीतून वास आला. सासूबाईंनी डोळे उघडले.

"रताळी तळतेय ती," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एक आण."

मी पलीकडे गेले. चंद्रभागाबाई शेगडीपुढे होत्या. मी सांगितलं, सासूबाईंना रताळं हवंय.

"कोन म्हनलं? तू का ती?"

"त्या म्हणाल्या. आपल्या तोंडाने."

त्यांनी कढई विस्तवावरून खाली उतरवली. तळण अर्ध्यावर असताना त्यांनी कढई उतरवलेली मी तेव्हाच पाहिली. "रताळं पाठवत नाई मी," त्या म्हणाल्या.

"त्यांना उठवत नाही हो."

"ते मले दिसते." लता दारात येऊन उभी राहिली होती. मग बाई उठल्या. "रताळं जात नाई. मी येतो. कढई माही, तेल माहं, रताळं माहं. विस्तव तुमचा. अन् ओट्यावर नाई बसनार मी, पुढच्या खोलीत बी नाई. सयपाकघरात बसीन. जाय, विचार तिले. नाई म्हनली तं राग नाई माहा."

मी परत आले आणि सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांच्या स्वयंपाकघरात देवांचा कोनाडा होता. बाहेरचं माणूस त्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाहिलं नव्हतं. माझं माहेरचं माणूससुद्धा हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. सासूबाई आढ्याकडे बघत पडल्या होत्या. मी आग्रह केला नाही. घर त्यांचं होतं, भूक त्यांची होती. मी उभी राहिले. मला त्या आता भिंतीकडे तोंड करतील असं वाटत होतं.

"बाहेर वारा सुटलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "ओट्यावर ताव टिकायचा नाही. आत बसव तिला."

बाहेर वारा नव्हता. दोरीवरची धोतरं हलत नव्हती.

चंद्रभागाबाई अंगण ओलांडून आल्या ते दोन्ही हातांत कढई धरून. आत निवत आलेलं तेल, काखेत फडक्यात बांधलेले काप. दुपारची वेळ, ओट्याओट्यावर बायका बसलेल्या. कुणी स्वेटर विणत होतं, कुणी केस विंचरत होतं. सगळ्यांचे हात थांबले. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही, कारण तेल हिंदकळू द्यायचं नव्हतं. उंबऱ्याशी त्यांनी पायताण काढलं आणि सरळ आत गेल्या. मी पाट टाकला. त्या बसल्या, कोनाड्याकडे एकदा नजर टाकली, आणि शेगडीत फुंकर घातली.

मधलं दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, बारीक, पण ओळखू येण्याजोगा. "विस्तव कमी आहे."

"दिसते मले."

"कोळसा ओला असेल. सून नीट भरत नाही."

"नाईच भरत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "शेगडीची राख बी काढलेली नाई."

इतक्या वर्षांनी दोघींचं थेट बोलणं सुरू झालं होतं आणि ते माझ्या शेगडीवरून सुरू झालं, तर माझी हरकत नव्हती.

तेल तापलं. काप आत गेले. सासूबाई तिकडून आणखी काही सांगत होत्या, झारा कुठला घेतला वगैरे. चंद्रभागाबाईंनी बोट वर केलं. ते सासूबाईंना दिसण्याचा प्रश्नच नव्हता, मधे भिंत होती. तरी त्या वाक्याच्या मधेच थांबल्या. घरात फक्त तेलाचा आवाज राहिला. तो बारीक होत गेला. मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होते. एकीकडे बाई मान कलती करून भिंतीकडे बघत होत्या. दुसरीकडे सासूबाई डोळे मिटून, मान तशीच कलती करून पडल्या होत्या.

"आता," सासूबाई म्हणाल्या.

झारा खाली गेलेला होता. कोण आधी, ते मला सांगता येणार नाही. मी पुष्कळ मोठमोठ्या ठिकाणी उभी राहिले आहे, रामटेकचं देऊळ पाहिलं, धरणाचे दरवाजे उघडताना पाहिले. अंगावर काटा त्या दारात आला, तसा कुठे आला नाही.

ताटली मी पुढे केली होती. बाईंनी ती घेतली नाही. झाऱ्यातला एक काप बोटांनी उचलून फुंकला, मीठ लावलं, उठून पलंगापाशी गेल्या. "हात करा," म्हणाल्या. सासूबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला. तळवा वर केला. बाईंनी काप त्या तळव्यावर ठेवला.

सासूबाईंनी खाल्लं. सावकाश. आम्ही दोघी उभ्या.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"तोंडाले चव नाई तुमच्या."

"असेल." त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

त्या दिवशी त्यांनी चार घास खाल्ले, संध्याकाळी भात मागितला. हे रताळ्याने झालं, असं मी म्हणत नाही. टायफॉइड उतरल्यावर भूक कधीतरी येतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या वरणात मीठ जास्त असल्याचं त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

मी नंतर चंद्रभागाबाईंना विचारलं, तुम्ही कशा काय आलात. तुमचा नियम मोडलात ना. त्या रताळी खाटेखाली पसरत होत्या.

"मोडला कुठं?" त्या म्हणाल्या. "रताळं तं कढईपासूनच तोंडात गेलं ना. आजारी बाईले नियम नसते. मले असते."

"आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर?"

"तं मेली असती का ती?" त्यांचे खांदे हलले. मग थांबले. "मी आली नसती, पोरी. ती मेली असती तरी आली नसती. मले वाईट वाटलं असतं, पन आली नसती."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, कोळसा ओला आहे म्हणावं तसं. मी स्वतः कितीतरी ठिकाणी, कितीतरी लहान कारणांसाठी वाकलेली बाई. वाकणं सोयीचं असतं. ही बाई एका उंबऱ्यापाशी जीवनमरणाचा हिशेब करून ताठ उभी राहिली होती, आणि वर त्याच पायांनी अंगण ओलांडून आलीही होती. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळलंय असं नाही.

सासूबाई बऱ्या झाल्या. पुन्हा ओट्यावर बसून गहू निवडू लागल्या. चंद्रभागाबाईंच्या घरी त्या काही गेल्या नाहीत. कुणाला वाटलं असेल की आता जातील, तर तसं झालं नाही. बायका माझ्याजवळ कुजबुजल्या, आता घर शुद्ध केलं का म्हणून. सासूबाईंनी काही केलं नाही. एकीने तोंडावर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विस्तवाला कसलं गं शुद्ध करायचं?" आणि विषय संपवला.

पुढच्या वर्षी दौलतराव रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. लता नर्सिंगला लागली होती, तिची सोय होस्टेलात झाली. ही दोघं मौद्याला भावाच्या शेजारी घर बांधून राहणार होती. चैत्र संपत आला होता, सकाळपासूनच ऊन लागत होतं. सामान टेंपोत चढलं. मग बाई दोन्ही रांगांतून निरोप घ्यायला निघाल्या. प्रत्येक ओट्यापाशी थांबायच्या, दोन शब्द बोलायच्या, पुढे जायच्या. ओट्यावर कुठेच चढल्या नाहीत.

आमच्यापाशी आल्या. मी ओट्यावरच उभी होते. मला वाटलं इथेही थांबतील. त्या थांबल्या नाहीत. पायताण काढलं, पुढची खोली ओलांडली आणि स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई खाली बसून तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली. चंद्रभागाबाई कोपऱ्यातल्या माठापाशी गेल्या, झाकण बाजूला केलं, पितळी ओगराळं उचललं, आत बुडवलं, आणि आमच्या पेल्यात आपल्या हाताने पाणी घेतलं.

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्या बाईंच्या हाताकडे बघत होत्या, माठाकडे बघत होत्या. मग त्यांनी सूप मांडीवरून उतरवलं आणि बाईंना बसायला जागा व्हावी म्हणून गुडघे जरा बाजूला घेतले.

"आजच भरलाय माठ," त्या म्हणाल्या. "थंड झालं नसेल अजून."

चंद्रभागाबाई खाली बसल्या. पाणी सगळं प्यायल्या.

"चालते," म्हणाल्या. पेला पालथा घालून ठेवला आणि उठल्या. बाहेर टेंपोवाला भोंगा वाजवत होता.